तिसरी रिंग

ग्रीसच्या डोंगरातल्या लिथारीहून लावलेला फोन पलीकडच्यानं उचलायचा नसतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक रिंग वाजवून ठेवून दिला, म्हणजे ‘मी चौकात आहे, तू कर.’ दोन वाजवल्या, म्हणजे ‘सुखरूप आहे, पैसे घालवू नकोस.’ आणि तिसरी वाजली की श्टुटगार्ट असो नाहीतर मेलबर्न, पलीकडचा माणूस आधी खुर्चीत बसायचा आणि मग फोन उचलायचा. तिसरी रिंग म्हणजे गावाकडे कुणीतरी गेलं.

हा कायदा आसिमिनाच्या बापानं केला होता. त्याचं चौकात कॉफीचं दुकान होतं आणि गावातला एकुलता एक फोन त्या दुकानात होता. आता बायकांनी कॉफीच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही हा गावचा रिवाज, आणि परदेशी गेलेल्या नवऱ्यांशी-पोरांशी बोलायचं असायचं ते बायकांनाच. म्हाताऱ्यानं तोड काढली. फोन उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बायका बाहेर बर्फात शाल गुंडाळून उभ्या राहायच्या, आत पुरुष पत्ते हातात धरून तोंड दुसरीकडे करून बसायचे आणि एकूण एक शब्द ऐकायचे. पैसे वाचावेत म्हणून रिंगांची भाषाही त्यानंच ठरवून दिली. तिकडे जर्मन मार्कांत पगार मिळवतात, मग फोन त्यांनीच करावा, असा त्याचा रोकडा हिशेब होता.

आसिमिनाचं काम ओरडायचं. फोन आला की ती परकर सावरत चर्चच्या कठड्यावर चढायची आणि दरीपलीकडच्या घरांकडे तोंड करून हाक मारायची, “हाइदोऽऽ! जर्मनीऽऽ!” एवढंच. पुढचं हाइदोचं हाइदो बघून घ्यायची. नवऱ्याचा फोन म्हणून कणकेच्या हातांनी धावत सुटायची. आसिमिनाच्या आवाजाला मेंढपाळांचे कुत्रेसुद्धा उत्तर द्यायचे. पुढं ती लग्न होऊन चौकातल्याच घरात राहिली, विधवा झाली, सत्तरी ओलांडली, पण एवढं सुख आपल्याला दुसऱ्या कशात मिळालं नाही असं तिला अजून वाटायचं. सगळ्या गावाची सुखदुःखं तिच्या गळ्यातून गेली होती.

बाप गेला, दुकानाला कुलूप लागलं, आणि फोन कंपनीनं चौकात चिनाराच्या झाडाखाली कार्डावर चालणारा फोन उभा केला. घरोघरी फोन आलाच नाही. मागायचा कुणी? ज्यांनी एकेकाळी अर्ज केले ते वाट बघून बघून एकतर देवाघरी गेले नाहीतर जर्मनीला. मोबाइलला डोंगर आडवा येत होता. हिवाळ्यात धुराडी पेटायची ती बोटांवर मोजण्याइतकी. पण संध्याकाळ झाली की म्हातारी माणसं काठ्या टेकत चौकात यायची, एक रिंग द्यायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. तिकडची कारखान्यातली पाळी सुटली की फोन खणखणायचा आणि आसिमिना खिडकीतून ओरडायची. आवाज आता चिरका झाला होता, पण दरी ओळखीची होती.

त्या वर्षी द्राक्षांचा हंगाम संपता संपता त्या फोनवर कंपनीचा एक कागद चिकटवलेला दिसला. लिहिलं होतं की या फोनचा वापर होत नाही. येत्या महिन्याभरात पुरेसे कॉल झाले नाहीत तर फोन काढून नेण्यात येईल.

आसिमिनानं त्याच संध्याकाळी श्टुटगार्टला एक रिंग दिली. मुलीचा, झोईचा, फोन लगेच आला.

“काढू देत,” झोई म्हणाली. “मला तर बरंच वाटलं. आई, आता स्पष्ट सांगते. तो फोन गेला तर तू तिथे एकही हिवाळा एकटी काढायचा नाहीस. सरळ इकडे यायचं. खोली तयार आहे.”

“आणि तिकडे येऊन करू काय? खिडकीत बसून ट्रामा मोजू?”

“तिथे पाय घसरून पडलीस तर मला कळणार कसं? शेजारच्या प्रियाममावशीचा कोंबडा येऊन सांगणार का?”

“प्रियामचा कोंबडा मेला गेल्या महिन्यात.”

“आई!”

पोरगी खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. फोन राहिला तर गाव राहील, फोन गेला तर गाव सोडायचं. आसिमिना चुलीसमोर बसून बराच वेळ निखारे ढवळत राहिली. श्टुटगार्टची ती खोली तिनं एकदा पाहिली होती. पांढरी, उबदार, आणि खिडकी उघडून ओरडलं तर पोलीस येतील अशी.

दुसऱ्या दिवशीच्या बसनं ती खाली त्रिकाला शहरात गेली. बाजारपेठेत आता फोन कंपन्यांची तीन दुकानं शेजारी शेजारी उघडली होती, आणि तिन्ही दुकानांतली पोरं दारात उभी राहून माणसांना हात धरून आत ओढत होती. पूर्वी एक कंपनी होती तेव्हा फोनसाठी आमदाराचे पाय धरावे लागत, आता हे. आसिमिनाला वाटलं, देवानंच ऐकलं.

पहिल्या दुकानातल्या पोरानं तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, स्वस्तातल्या तीन योजना सांगितल्या आणि मग गावाचं नाव विचारलं. नाव कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर त्याचा चेहरा पडला.

“आजी, तुमचं गाव आमच्या नकाशात नाही.”

“आजी कुणाला म्हणतोस? आणि नकाशात नाही म्हणजे? तुमच्या कंपनीच्या आधी चारशे वर्षं आहे ते तिथे.”

“आहे हो. पण आमची सेवा तिथे नाही. तेवढ्या माणसांसाठी तार टाकणं परवडत नाही.”

दुसऱ्या दुकानात तेच झालं, तिसऱ्या दुकानात नकाशा बघायच्या आधीच पोरानं हात जोडले. तिन्ही दुकानांनी मिळून तिला दोन पेनं, एक फुगा आणि एक छत्री दिली. फोन कुणीच दिला नाही. फुगा तिनं बसमध्ये शेजारच्या बाईच्या नातवाला दिला आणि छत्री ठेवून घेतली. छत्री चांगली होती.

गावात आल्यावर तिनं सगळ्यांना चौकात बोलावलं. वायोस सगळ्यात पुढे होता. हा जन्माचा शेजारी, पूर्वी गावचा सरपंच, आणि भाषणाची खोड अजून गेलेली नव्हती.

“लोकहो,” त्यानं सुरू केलं, “आज आपल्या गावावर जो प्रसंग…”

“वायोस, थंडी वाजतेय,” आसिमिना म्हणाली. “ऐका सगळे. प्रत्येकानं रोज फोन करायचा. कार्ड संपलं तर दुसरं आणायचं. चिक्कूपणा करायचा नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरोखर, त्या महिन्यात चौकात जत्रा भरल्यासारखी झाली. ज्यांनी वर्षभर घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ते लेंगे चढवून आले. हाइदो दिवसातून दोनदा यायची. “आज माझे चार झाले,” म्हातारे एकमेकांना सांगायचे, आणि छाती काढून घरी जायचे.

एका दुपारी आसिमिना खिडकीत बसून हाइदोला बघत होती. हाइदोनं कार्ड घातलं, नंबर फिरवला, एक रिंग ऐकली आणि फोन ठेवला. कार्ड पुसून कमरेच्या पिशवीत घातलं आणि निघाली. आसिमिना खिडकीतून बाहेर वाकली.

“हाइदो! तू कॉल केलास की रिंग दिलीस?”

“केला की. पोराला, ब्रसेल्सला.”

“उचलला का त्यानं?”

“उचलेल कशाला?” हाइदो दचकून म्हणाली. “मी अजून जिवंत आहे!”

आसिमिनानं कपाळाला हात लावला. महिना संपत आला होता आणि गावानं शेकडो रिंगा दिल्या होत्या. एकाही रिंगेला कुणी फोन उचलला नव्हता, म्हणजे कंपनीच्या लेखी त्या झाल्याच नव्हत्या. आणि दुसऱ्याला बोलायला तिला तोंड नव्हतं, कारण महिनाभर तिनं स्वतःही तेच केलं होतं. नंबर फिरवायची, ठरवायची की आज धरून ठेवायचा, आणि पहिली रिंग संपली की हात आपोआप खाली यायचा. जन्मभराची सवय, एका कागदानं कशी जाणार?

वायोसला सांगितल्यावर तो हसला. “एवढंच ना? चल, मी बघतो. तिसरी रिंग, चौथी रिंग, वाजू दे. खुशाल बोलू तासभर.”

“झोईला लावू. पण ती घाबरेल रे.”

“म्हणून तर मी बोलतो. आधीच सांगून टाकतो, आई ठणठणीत आहे म्हणून.”

तिला ते पटलं. खरं म्हणजे तिसऱ्या रिंगेनंतर पोरीचा आवाज कसा येईल, ते ऐकायची तिची छाती नव्हती. वायोसनं नंबर फिरवला. एक. दोन. आसिमिनानं त्याची बाही धरली. तीन. चौथ्या रिंगेला पलीकडून उचलला गेला, आणि वायोसनं घसा साफ केला.

“झोई, बाळ, मी वायोसकाका बोलतोय. आधी खाली बस. मन घट्ट कर. तुझ्या आईविषयी, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या आसिमिनाविषयी मला तुला…”

“अरे ठणठणीत आहे म्हण ना!” आसिमिना बाही ओढत पुटपुटली. वायोसनं तिला हातानं गप्प केलं. भाषणात कुणी मध्ये बोललेलं त्याला चालत नसे.

“…तुला जे सांगायचं आहे ते असं, की माणसाचं आयुष्य…”

आणि कार्ड संपलं.

मग आसिमिनाच्या तोंडून वायोसच्या खानदानाचा जो उद्धार झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. दोघं दारोदार कार्ड मागत फिरली. नुसत्या रिंगेला पैसे कापत नाहीत, म्हणून सगळ्यांची कार्डं जुनीपुराणी, आतून कोरडी. हाइदोकडे एक सापडलं, तेही तिनं कुणाला, कशाला असं खोदून खोदून विचारून दिलं. धापा टाकत चौकात परत आल्यावर दिसलं की रिसिव्हर तारेला लोंबकळतोय. घाईत वायोसनं जागेवर ठेवलाच नव्हता. पोरगी बिचारी तिकडून फोन करून करून थकली असणार आणि तिला एंगेज लागला असणार.

आसिमिनानं रिंग दिली. फोन आला नाही. दोन दिल्या. मग कधी नव्हे ते वाजत राहू दिला, तिसरी, चौथी, दहावी. श्टुटगार्टच्या त्या पांढऱ्या घरात कुणी नव्हतं.

झोई दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिकालाहून टॅक्सीनं आली. सुतकाचे काळे कपडे, काळा रुमाल, डोळे सुजलेले. आसिमिना अंगणात वायोसला लाकडं फोडायला लावून वर शिव्या घालत होती. टॅक्सीचं दार उघडलं आणि झोई तिथेच फाटकाला धरून उभी राहिली.

“आई?”

“ये,” आसिमिना म्हणाली. पोरगी सहा वर्षांनी आली होती. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून चाचपला, आणि मग ओरडायला लागली. आवाज अगदी आईचाच. रडत रडत ओरडत होती, आणि वायोसकाका कुऱ्हाड सोडून हळूच कुंपणापलीकडे सटकला.

टॅक्सीवाल्यानं दोन बॅगा आणि एक पिशवी उतरवली. पिशवीत गहू, साखर, डाळिंब आणि बदाम. मेलेल्या माणसाच्या नावानं चर्चमध्ये वाटायचा गहू. आई तो नेमका कसा करायची ते आठवून पोरीनं त्रिकालाच्या बाजारातून सगळं आणलं होतं, बदामसुद्धा विसरली नव्हती. आसिमिनानं गहू तळहातावर घेऊन बघितला.

“गहू चांगला आहे. वाया कशाला घालवायचा? परवा संत वार्वाराचा सण आहे, खीर करू.”

दुसरी बॅग तिनं उचलून बघितली. रिकामी होती. कुणाचे कपडे भरून न्यायला आणली आहे ते तिला कळलं. मेलेल्या आईची आणि जिवंत आईची, दोन्ही तयारी करून पोरगी आली होती.

सणाच्या दिवशी कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला. ड्रोसोस त्याचं नाव, मध्यम वयाचा, दमलेला. खिरीची वाटी हातात देईपर्यंत तो अवघडून उभा होता.

“बाई, मला वाईट वाटतं,” तो म्हणाला. “पण महिन्याभरात या फोनवरून एक कॉल झालाय. एक. तोही मिनिटभराचा नाही. जर्मनीला.”

“तोच तो,” झोई म्हणाली. “त्या एका कॉलपायी मला विमानाचं तिकीट काढावं लागलं.” आणि मग ती म्हणाली, “थोडं थांबा. पाळी सुटायची वेळ होतेय.”

तिनं असं का म्हटलं हे बहुधा तिलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळ होत होती. हाइदो काठी टेकत आली, एक रिंग देऊन गेली. तिच्यामागे प्रियाम, मग वायोस मान खाली घालून. ड्रोसोस वाटी चाटत बघत होता. थोड्या वेळानं फोन वाजला. आसिमिना खिडकीकडे गेली, पण खिरीच्या चुलीपुढे दिवसभर बसून तिचा घसा बसला होता. हाक निघाली ती अर्ध्यातच तुटली.

आणि तिच्या मागून दुसरी हाक उठली. “हाइदोऽऽ! ब्रसेल्सऽऽ!”

झोई चर्चच्या कठड्यावर चढली होती. काळे कपडे, केस सुटलेले. दरीपलीकडे दिवा हलला, दार उघडलं. फोन ठेवला तसा पुन्हा वाजला. “प्रियाममावशीऽऽ! मेलबर्नऽऽ!” लहानपणी आईचा घसा बसला की हे काम तिच्याकडे यायचं, आसिमिना ते विसरूनच गेली होती. आवाज त्याच दरीत जात होता आणि त्याच दगडांवरून परत येत होता. आसिमिनाला आपला बाप आठवला, खिडकीतला काळा फोन आठवला, शालीतल्या बायका आठवल्या. ती पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा कोपरा चुरगाळत उभी राहिली आणि डोळे पुसले नाहीत.

“हा रोज असा वाजतो?” ड्रोसोसनं विचारलं.

“रोज.”

“आलेले फोन आमच्या हिशेबात धरत नाहीत.” त्यानं वाटी खाली ठेवली. “चौकातला फोन मी वाचवू शकत नाही. पण बाई, तुम्ही घरी फोन का नाही मागत?”

“मागितला की. तीन दुकानं फिरले.”

“ती नव्या कंपन्यांची. त्यांना परवडेल तिथे त्या जातात. आमच्या जुन्या कंपनीला तशी सोय नाही. जिथे दार आहे आणि मागणारा आहे तिथे आम्हाला द्यावाच लागतो, आणि अथेन्सला जो दर आहे त्याच दरात. बाजार खुला करताना कायदाच तसा केलाय. पण मागावं लागतं. लिथारीतून कुणी मागितलाच नाही.”

“माझ्या बापानं मागितला होता,” आसिमिना म्हणाली. “घरी, माझ्या आईसाठी. तिला बर्फात उभं राहायला लागू नये म्हणून. मरेपर्यंत वाट बघितली त्यानं.”

झोई कठड्यावरून उतरून जवळ येऊन उभी होती. तिनं ड्रोसोसकडून फोनचा कोरा अर्ज मागितला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहायला लागली. पत्त्याच्या जागी ती थांबली.

“आई, पत्ता घराचा घालू?”

“नाही. दुकानाचा घाल. खिडकी चौकाच्या बाजूची.”

झोईनं पेन बॉनेटवर ठेवलं. “मी तुला न्यायला आले होते,” ती हळूच म्हणाली.

“माहितीये. रिकामी बॅग बघितली मी.”

चौकापर्यंत तार होतीच, त्यामुळे आठवडाभरात काम झालं. दुकानाचं गंजलेलं कुलूप वायोसनं फोडलं, आणि उद्घाटनाचं भाषण करणार नाही अशी शपथ घेतल्यावरच त्याला आत येऊ दिलं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर बसला. आता बायकांना आत यायला कुणी मना करणार नव्हतं, पण हाइदो आली ती सवयीनं बाहेरच उभी राहिली. शेवटी आसिमिनानं तिला दंडाला धरून आत आणली आणि शेगडीपाशी बसवली. जन्मात पहिल्यांदा ती त्या दुकानात बसली होती, इकडे तिकडे बघत म्हणाली, “एवढंच आहे होय आत?”

झोई निघाली तेव्हा रिकामी बॅग भरलेली होती. अक्रोड, डोंगरातला चहा, मध, आंबट दुधात वाळवलेला गहू. बसपाशी तिनं आईला मिठी मारली.

“पोचले की दोन रिंगा देते.”

“दे.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर सगळं गाव दुकानात शेगडीभोवती बसलं होतं. फोन वाजला. एक. आसिमिनानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दोन. “पोचली,” ती म्हणाली, आणि हात खाली आणला.

तिसरी वाजली.

हाइदोनं छातीवर क्रूस काढला. वायोस अर्धवट उठला. चौथी वाजली, पाचवी. आसिमिना खुर्चीतच बसून राहिली. विमान, रस्ता, बर्फ, काय काय तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी तिनं कट्ट्याला धरून रिसिव्हर उचलला आणि कानाला लावला.

“आई,” झोई म्हणाली. “घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. पोचले, एवढंच तोंडानं सांगायचं होतं.”

आसिमिनानं श्वास सोडला. मग ती खिडकीकडे वळली, ती ढकलून उघडली, आणि गाव सगळं तिच्या मागेच बसलेलं असताना, समोरच्या काळ्या मोकळ्या दरीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

“पोचलीऽऽ!”